पगार-पेन्शनचे टक्के नक्की कशाचे?

प्रश्न : एकीकडे वाचलं की सरकारचा जवळपास निम्मा पैसा पगार-पेन्शनमधेच जातो, दुसरीकडे आकडा खूपच कमी दिलेला. खरं काय? आणि किती झाले की जास्त म्हणायचं?

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं, कारण टक्के कशाचे हे कोणी सांगतच नाही. समजा पगार-पेन्शनवर ६० रुपये गेले, एकूण खर्च २०० आणि कर्ज सोडून सरकारची कमाई १५०, तर खर्चाचे ३० टक्के होतात आणि कमाईचे ४०. ज्याला बोंब मारायचीय तो ४० सांगतो.

दुसरं म्हणजे कुठलं सरकार ते बघा. शिक्षक, पोलीस, नर्स ज्याच्याकडे, त्याचा वाटा मोठा दिसणारच. भारतात हे बहुतेक राज्यांकडे येतात, त्यामुळे केंद्राचे टक्के दाखवून राज्यांना उधळे म्हणणं बरोबर नाही. आणि कंत्राटी माणसं तर पगाराच्या रकान्यात येतच नाहीत, काम तेच, पैसे एजन्सीच्या बिलातून, म्हणजे कागदावर पगार घटला आणि खर्च होता तिथेच.

खरी गोम पेन्शनमधे आहे. पगार आवरायचा तर सरकार जागा भरत नाही, झालं. पेन्शन म्हणजे ३० वर्षांपूर्वी केलेली भरती, ती आज कशी थांबवणार? आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यासाठी पैसा बाजूला ठेवलेलाच नसतो, चालू कमाईतून देतात. ब्रिटनमधे शिक्षक आणि नर्सेसची पेन्शन अशीच, पण तिथल्याच स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी मात्र गुंतवलेला खराखुरा फंड आहे. ऑस्ट्रेलियाने जुन्या पेन्शनच्या बोजासाठी २००६ मधे फ्युचर फंड नावाचा गुंतवणुकीचा सरकारी फंड काढला.

भारतात १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना, सैन्यदलं सोडून, एनपीएस आली, म्हणजे कर्मचारी आणि सरकार दोघांनी खात्यात वर्गणी भरायची आणि निवृत्तीनंतर त्याच पैशातून पेन्शन मिळायची अशी योजना. लोकांना वाटतं लगेच पैसे वाचले असतील, पण उलट मधली बरीच वर्षं डबल खर्च, जुन्यांची पेन्शन द्यायचीच आणि नव्यांच्या खात्यात वर्गणी पण भरायची (आधी पगाराच्या १० टक्के, २०१९ पासून १४). म्हणूनच जुनी पेन्शन, म्हणजे वर्गणीशिवाय सरकारी तिजोरीतून मिळणारी, परत आणणं सत्तेवर असलेल्यांना गोड वाटतं, वर्गणी आज बंद होते आणि बिल येतं तेव्हा खुर्चीवर दुसराच कोणीतरी असतो. माझ्या मते हा हिशोब जुन्या पेन्शनच्या आंदोलनात कोणत्याच बाजूने नीट मांडला जात नाही.

तुम्ही विचारलेला ठरावीक आकडा असा नाही. एकाच सरकारचे पाच-सात वर्षांचे हिशोब घ्या, पेन्शन कमाईपेक्षा जोरात वाढतेय का ते बघा, आणि औषधं, इंधन, दुरुस्ती यांना किती उरतं ते बघा. डॉक्टरला पगार आहे पण गोळ्या नाहीत अशी वेळ आली असेल तर टक्के कितीही असोत, जास्तच झाले.

प्रश्न : मग चालू पेन्शन कापत का नाहीत?

उत्तर : कापतात की. ग्रीसने २०१० च्या संकटानंतर पुन्हा पुन्हा कापली, पण २०१५ मधे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने २०१२ ची कपात घटनाबाह्य ठरवली. त्यामुळे सरकारं शक्यतो निवृत्तीचं वय वाढवतात नाहीतर महागाईची वाढ कमी देतात, त्यावर ओरडा जरा कमी होतो.