बेसा-बेलतरोडीत राहून चांदण्या पाहायच्या तर जायचं कुठे?

तुम्ही नागपूरच्या दक्षिणेकडच्या बेसा भागात राहता, मुलं शाळकरी आहेत, दीड तासाच्या आत आकाशगंगा दिसेल अशी काळोखी जागा हवी आहे, आणि ज्याला विचारावं तो "पेंचला जा" एवढंच सांगतो, म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्पात. मी बेलतरोडीत राहतो. हेच वाक्य मला आमच्या सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी कामाचं. किलोमीटर मोजण्याआधी दिशा ठरवा. नागपूर शहर पाठीशी राहिलं पाहिजे. आपण 21 अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे आकाशातला सगळ्यात श्रीमंत भाग आपल्याला दक्षिणेकडे दिसतो. वृश्चिकेची नांगी, धनू राशीकडचा आकाशगंगेचा दाट पट्टा, अगस्तीचा ठळक तारा, मे महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला क्षितिजाला टेकून उभा राहणारा क्रॉसच्या आकाराचा त्रिशंकू, हे सगळं दक्षिणेला. अगस्ती आपल्याकडे जास्तीत जास्त 16 अंश वर चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट उंचीवर. दिल्लीत तो नऊ अंशांच्याही वर जात नाही. हे आपलं भाग्य आहे, आणि शहराच्या उत्तरेला जाऊन उभं राहिलं की नेमक्या त्याच पट्ट्यात नागपूरची झगमग येते.

पेंचबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही. जानेवारी 2024 मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी मान्यताप्राप्त जागा ठरला, आशियातला पाचवा. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले, तेव्हा हा मान मिळाला. डोक्यावरचं आकाश तिथे उत्तम आहे. पण तो आपल्या उत्तरेला आहे, आणि बेशाहून निघायचं म्हणजे आधी अख्खं शहर ओलांडायचं, मग रामटेक-मनसर, मग पुढे. रात्री मुलांना घेऊन परत यायचं असेल तर जमत नाही, मुक्कामच करावा लागतो.

बाकीच्या ऐकीव जागांपैकी गोरेवाडा आणि सेमिनरी हिल्स शहरातच आहेत. रामटेकला देवदर्शनाला जा. अडासा, सावनेरकडे जाताना कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रं लागतात. हिंगण्याकडचा झिलपी तलाव संध्याकाळी सुंदर दिसतो, पण पूर्वेला एमआयडीसी आणि शहर दोन्ही पेटलेले असतात. बुटीबोरीच्या आसपास तर थांबूच नका.

माझं उत्तर आहे कुही-मांढळ. उमरेड रोडने निघायचं, पाचगाववरून कुहीकडे वळायचं, कुही सोडून मांढळच्या दिशेने जायचं. पन्नासेक किलोमीटर. तिथे उभं राहिलात की नागपूर वायव्येला पाठीमागे पडतं आणि दक्षिणेला कऱ्हांडल्याचं जंगल असतं, जिथे दिवाच नाही. शहराची झगमग साधारण अंतराच्या अडीचाव्या घाताने कमी होते असा खगोल अभ्यासकांचा ठोकताळा आहे. म्हणजे 25 ऐवजी 50 किलोमीटरवर गेलात तर ती निम्मी होत नाही, सहाव्या हिश्शाच्या जवळ येते. म्हणून 25 किलोमीटरवरच्या ढाब्यामागे गाडी लावून "दिसत तर काही नाही" म्हणू नका. अजून तेवढंच पुढे जा.

मला ही जागा कशी सापडली ते सांगतो.

आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याआधीची काही वर्षं तिला दिव्याभोवती नुसती वलयं दिसायची. ऑपरेशननंतर पहिल्यांदा गच्चीवर आली, मान वर केली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "आता डोये चांगले झाले, त चांदण्या कुठं गेल्या रे?"

आई कुही तालुक्यातली. तिच्या लहानपणी उन्हाळ्यात सगळं घर अंगणात झोपायचं. सप्तर्षीला ती खाटलं म्हणते, चार पाय आणि पळवून नेणारे तीन चोर. मृगातल्या तीन ताऱ्यांना तिकांडं. तिचे वडील सांगायचे की अगस्ती उगवला की नदीचं पाणी निवळते. पोळ्याच्या आसपास ते पहाटे उठून तो पाहायचे. बेलतरोडीच्या गच्चीवर तिला तिकांडं कसंबसं सापडलं. दक्षिणेला तोंड करून तिने अगस्ती विचारला, तेव्हा समोर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरचा फ्लडलाइट होता. नेमका त्या उंचीवर, नेमका त्या दिशेला, तोंड सरळ आडवं. त्याच्यामागे मिहान औद्योगिक क्षेत्राची पांढरी धूसर कड.

तो दिवा एक मोटरसायकल चोरीला गेल्यावर बसवला होता. मी कमिटीला लेखी दिलं. दिवा काढा असं मी म्हणालोच नव्हतो. त्याला वरून टोपी बसवा, तोंड जमिनीकडे करा, पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावा, एवढंच. इलेक्ट्रिशियनला बोलावून खर्चाचा आकडा काढला आणि तो मी देतो असंही लिहिलं. सभेत विषय आला. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या चांदण्यांसाठी आमच्या गाड्या चोरीला जाऊ द्यायच्या का?" कोणीतरी मागून म्हणालं, "तारे पाहायचे त पेंचला जा न भाऊ." लोक हसले. विषय संपला. आई घरी दार उघडं ठेवून बसली होती, मी काय सांगतो ते ऐकायला.

महाशिवरात्रीच्या आधल्या रात्री तिला घेऊन मांढळच्या अलीकडे मावशीच्या शेतावर गेलो. ती अमावास्येच्या तोंडची रात्र, चंद्राची अडचण नाही. हरभरा निघाला होता, शेत मोकळं होतं. मावसाजींनी बाज बाहेर काढून दिली आणि घराबाहेरचा दिवा स्वतःहून घालवला. मी मोबाइल गाडीतच ठेवला. डोळे काळोखाला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एकदा पांढरा उजेड डोळ्यात गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आई नुसती पडून होती. मग ती एकेक ओळखायला लागली. तिकांडं डोक्यावर. पश्चिमेला कृत्तिकांचा पुंजका, त्यात तिला सहा चांदण्या मोजता आल्या. ईशान्येला खाटलं वर येत होतं, चारही पाय स्पष्ट, पण तिसरा चोर अजून झाडांच्या मागे होता. "येईन तो," ती म्हणाली, "त्याले उशीरच होते." नऊच्या आधी दक्षिणेला अगस्ती आपल्या पूर्ण उंचीवर होता, एकटा, पांढरा, जंगलाच्या काळ्या रेघेवर. तिने हात जोडले. मावशी शेजारी येऊन बसली आणि दोघी त्यांच्या बाबांबद्दल बोलत राहिल्या. मी दुर्बीण नेली होती, ती काढलीच नाही.

म्हणून तुम्हालाही सांगतो, आधी दुर्बिणीवर पैसे घालू नका. मुलांना उताणं झोपवा आणि कृत्तिका मोजायला लावा. आमच्या गच्चीवरून दोन-तीन दिसतात किंवा नुसता ठिपका. सहा स्पष्ट मोजता आल्या तर जागा चांगली आहे. आकाश किती काळोखं आहे ते सांगणारी बॉर्टलची 1 (सगळ्यात काळोखं) ते 9 ची मोजपट्टी आणि उपग्रहाचे नकाशे इंटरनेटवर आहेत, ते जरूर पाहा, पण नकाशाला शेजारच्या ढाब्याचा हॅलोजन कळत नाही.

आणि ते सभेतलं बोलणं. उजेड जास्त म्हणजे सुरक्षा जास्त, ही समजूत चुकीची आहे आणि मी ती मान्य करणार नाही. डोळ्यांवर येणाऱ्या दिव्याने बाहुली आकसते, मग त्या दिव्याच्या पलीकडचं आणि भिंतीच्या सावलीतलं काहीच दिसत नाही. आमच्याकडे दिवा लागल्यानंतरही एका गाडीतलं पेट्रोल चोरीला गेलं, त्याच टाकीखालच्या भिंतीच्या सावलीतून, आणि कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग आला. आडवा फेकलेला उजेड आकाशात जातो, त्याचं बिल मात्र आपण भरतो. सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, त्यांत निळा भाग जास्त असतो आणि निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. म्हणून आता आकाश दुधाळ दिसतं. पेंचच्या बाजूच्या गावांतले लोक वाघांच्या शेजारी राहतात. दिव्याची तोंडं खाली करून त्यांचं चालतं. मग बेलतरोडीत, चार माणसं रात्रभर गेटवर बसलेली असताना, का चालू नये? तुमच्या कॉलनीच्या सभेत हा विषय काढा. दिवे बंद करा असं म्हणू नका, त्यावर लोक लगेच बिथरतात. टोपी, खाली तोंड, पिवळसर बल्ब, हे तीनच शब्द धरून ठेवा. आमचा दिवा अजून तसाच आहे. या वर्षीच्या सभेत मी विषय पुन्हा ठेवला आहे, आणि या वेळी पेंचचे दिवे कसे बदलले ते छापून नेणार आहे.

तुमच्या मुलांसाठी काळ सांगायचा राहिला. आकाशगंगेचा दाट पट्टा मे महिन्यात मध्यरात्रीनंतर चांगला वर येतो, पण तेव्हा हवेत धूळ असते आणि मुलं तोवर झोपतात. त्यापेक्षा कोजागिरीनंतर पाच-सहा दिवस जाऊ द्या. चंद्र उशिरा उगवायला लागतो. तिथपासून वसुबारसेपर्यंत कुठल्याही रात्री, संध्याकाळी सात ते साडेआठ, नैऋत्येला पाहा. पावसाने हवा धुतलेली असते. नैऋत्येला उमरेड येतं आणि तिथल्या कोळसा खाणीचा उजेड क्षितिजाशी लागतो, पण ऑक्टोबरच्या मध्यात पट्टा त्याच्या बराच वर असतो. दिवाळी उशिरा येणाऱ्या वर्षी मात्र हे दिवस नोव्हेंबरात जातात आणि पट्टा खाली उतरतो, तेव्हा सातलाच जागेवर असा. दिवाळीची अमावास्या टाळा, फटाक्यांचा धूर खेड्यातही असतो.

मावशीचं शेत मी सांगू शकत नाही, पण त्या पट्ट्यात कोणाचं शेत ओळखीचं निघतं का ते विचारा. नागपुरात प्रत्येकाचा कोणीतरी कुही, भिवापूर किंवा उमरेडचा असतोच. ओळख नसेल तर गावच्या पोलीस पाटलाला सांगून जा, रात्री अनोळखी गाडी दिसली की लोकांना शंका येते आणि ती योग्यच असते. जंगलाला लागून थांबू नका. कऱ्हांडल्याचे वाघ शेतांत येतात, रानडुकरं तर रोजची. गाडी परतीच्या दिशेने तोंड करून लावा, घराजवळच बसा, लघवीला मुलांना एकटं सोडू नका, बूट घालायला लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधारात कुठलीही तार ओलांडू नका, तिला हातही लावू नका. डुकरांसाठी काही जण कुंपणात करंट सोडतात, त्याने वाघ मेले आहेत, माणसंही मेली आहेत. शेतमालकाला आधी विचारा, कुठून कुठवर फिरायचं ते त्याच्याकडून उजेडातच पाहून घ्या, म्हणजे सूर्य मावळायच्या आत पोहोचा.