खोंडांची जोडी विकायला काढताना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

खोंडांची जोडी आत्ता पुसेगावच्या यात्रेत विकायला काढू की पौषात खरसुंडीच्या यात्रेपर्यंत थांबू, असं विचारलंस. त्याआधी सांग, तुझी जोडी घेणार कोण?

ऊस वाहणाऱ्याला तयार बैल लागतो आणि त्याची खरेदी गळीत सुरू व्हायच्या आधीच उरकलेली असते. शर्यतीवाल्याचं निराळं. 2014 च्या शर्यतबंदीनंतर तो बाजारातून गेला होता. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानेही शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरला, आणि आता पळणाऱ्या खोंडांचे आकडे ऐकून ज्याच्या त्याच्या दावणीला लाखांचा माल आहे. त्या आकड्यांच्या नादी लागू नकोस. तुझी खिलार जोडी शांत, भरल्या अंगाची, औताची आहे. कोवळी घेऊन, शिकवून कामाला लावणारा शेतकरी हेच तुझं गिऱ्हाईक.

असा शेतकरी दोन्ही यात्रांना येतो. मग थांबायचं का, हे तुझा कडबा सांगेल. शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, निघेपर्यंत नवा कडबा नाही, आणि यंदा पाऊस कमी. चारा संपला की लोक पौषात जनावरं घेऊन लोटतात आणि भाव बसतो. त्यात एका खोंडाचा दुधाचा दात हलतोय म्हणालास. तो महिनाभरात दोन दाती झाला, म्हणजे त्याला दोन कायमचे दात आले, आणि दुसरा आदतच, म्हणजे दुधाच्या दातांचाच राहिला, तर हेडे, म्हणजे जनावरांचे व्यापारी, जबडा उघडून बघतील आणि ‘जोड जुळत नाही’ म्हणून भाव तोडतील. आज दोन्ही आदत आहेत, शिंगं सारखी आहेत, उंची सारखी आहे. माझं मत पुसेगावचं.

किमान आकडा घरीच ठरव, वहिनींना सांगून ठेव आणि बाजारात तो तोंडातून काढू नकोस. पहिल्या दिवशी फक्त बांध आणि शेजारच्या दावणीला काय सुटतंय ते बघ. दलाल उपरण्याखाली हात घेईल, बोटं दाबून भाव सांगेल. एक बोट हजाराचं की दहा हजारांचं, हे हात देण्याआधी विचारून घे. लाजू नकोस, जुनी माणसंही विचारतात. कुणी खूर दाबून बघेल, कुणी चालवून बघेल, बघू दे. उजव्या खोंडाला पाठीमागून हात लावलेला खपत नाही, हे मात्र आपणहून सांग. गिऱ्हाईकाच्या घरी पोरंबाळं असतात. शिवाय खोड लपवून विकणाऱ्याचं नाव हेडे वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

आकडा नाही आला तर जोडी परत आण. तेवढ्यासाठी दीड महिन्याचा कडबा बाजूला काढून ठेव, नाहीतर परत आणायची हिंमत होत नाही. थांबण्यात जोखीम आहेच. 2022 च्या सप्टेंबरात लम्पी या जनावरांच्या त्वचारोगापायी राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले आणि चांगली चांगली जनावरं दारात अडकली. लसीचा दाखला आणि कानातला बारा अंकी बिल्ला आजच तपास. बिल्ला तुटला असेल तर दवाखान्यात जाऊन नवा मारून घे.

विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलास तर बाकीची रक्कम कधी, हे दोन माणसांसमोर बोलून घे. पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय कासरा सोडू नकोस, आणि बाजार समितीची पावती तुझ्या आणि घेणाऱ्याच्या नावानिशी फाडून घे.

तुझा,
काका