पुण्यात एमडी करतोय. कॉलेजच्या लायब्ररीकडून लिटरेचर सर्च करून घेताना फॉर्मवर काय लिहायचं?

तुम्ही लिहिलंय की पिंपरीत एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला आहात, थिसिसच्या सिनॉप्सिसची (आराखड्याची) तारीख जवळ आलीय, गाईड म्हणाले "लायब्ररीतून सर्च करून घे" (म्हणजे विषयावर आधी छापून आलेले पेपर शोधून घे), आणि लायब्ररीच्या फॉर्मवर 'विषय' म्हणून एकच ओळ आहे.

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. त्या एका ओळीनं कितीजणांचा घात केला ते टेबलाच्या अलीकडून बघितलंय. एकदा तर त्यात माझाही हात होता.

ऑगस्टचे दिवस, डेंग्यूनं वॉर्ड भरलेले. एक रेसिडेंट रात्रीची ड्यूटी संपवून तसाच आला आणि 'डेंग्यू – उपचार' एवढं लिहून गेला. त्याचा चेहरा बघून मला पुढे काही विचारवेना. दोन दिवस खपून शंभरावर पेपरांचे सारांश छापून दिले. आठवड्यानं गठ्ठा घेऊन स्वारी परत. "मॅडम, यात पपई नाहीच."

पपई कुठून आली? तर वॉर्डात जो तो नातेवाईक पपईच्या पानांचा रस डब्यातून आणत होता, "डॉक्टर, देऊ का?" विचारत होता, आणि याला त्याचं उत्तर हवं होतं. फॉर्मवर पपई लिहायची त्याला लाज वाटली! खरं तर फॉर्मवर लिहायला हवा असा कामाचा शब्द तेवढाच होता.

तेव्हा ती ओळ भरा, पण सोबत एक कागद जोडा. त्यावर विषय नको, पूर्ण प्रश्न हवा. असा: "डेंग्यूनं दाखल झालेल्या, प्लेटलेट एक लाखाखाली गेलेल्या प्रौढ रुग्णांना नेहमीच्या उपचारासोबत पपईच्या पानांचा अर्क दिला, तर नुसत्या नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत रक्तस्राव किंवा दाखल राहण्याचे दिवस कमी होतात का?" रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता. याला पिको म्हणतात, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये ऐकलं असेलच.

यातली तुलना हमखास गळते. डेंग्यूत आजार ओसरला की प्लेटलेट आपोआप वर येतात. त्या काळात पपई दिली काय नि ताक दिलं काय, आकडा चढणारच. म्हणून तुलनेचा गट असलेलेच अभ्यास हवेत, हे ग्रंथपालाला आधी सांगा. परिणामाचंही तसंच. प्लेटलेटचा आकडा हवा की प्रत्यक्ष रक्तस्राव, हे ठरवायचं काम तुमचं आणि गाईडचं, लायब्ररीचं नाही.

मग शब्द. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. तिथे मेश नावाची ठरलेल्या विषयशब्दांची यादी आहे, ती ग्रंथपाल सांभाळतील. पण विषयाची बोली तुम्हालाच माहीत असते. पपईला काही इंग्रजी लेखक 'पॉपॉ' म्हणतात आणि अमेरिकेत पॉपॉ हे भलतंच फळ आहे. डेंग्यूचं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये बदललं; त्याआधीचे पेपर 'हेमोरेजिक फीव्हर' म्हणतात, नंतरचे बरेचसे 'सिव्हिअर डेंग्यू'. असे जुने-नवे शब्द, स्पेलिंगचे ब्रिटिश-अमेरिकी घोळ, औषधाची ब्रँडची नावं, सगळं कागदावर उतरवा. तुम्हाला आधीच सापडलेले दोन-तीन चांगले पेपरही जोडा. "हे माहीत आहे" असं सांगण्यात कमीपणा नाही. त्या पेपरांवरचे विषयशब्द बघून पुढचा सर्च बेतता येतो, आणि ते पेपर आमच्या निकालात आले नाहीत तर सर्च फसलाय हे लगेच कळतं.

काम कशासाठी आहे तेही लिहा. उद्याच्या राऊंडसाठी चार चांगले पेपर पुरतात. थिसिससाठी जाळं मोठं टाकावं लागतं, त्याला दिवस लागतात, आणि जाळ्यात कचराही येतो. तो निवडायचा तुम्हीच. पेशंटचं नाव किंवा केस पेपरचा नंबर मात्र कागदावर नको. लोक सर्रास लिहितात.

निकाल हातात आला की यादीसोबत सर्च स्ट्रॅटेजीही मागून घ्या: कोणता डेटाबेस, कोणत्या तारखेला, 'अँड' आणि 'ऑर' लावून कोणते शब्द. वर्षभरानं थिसिस लिहिताना तोच सर्च पुन्हा चालवून नवे पेपर तेवढे उचलता येतात. फाईल झोटेरोत (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडेल अशी मागा, म्हणजे संदर्भ हातानं टाईप करत बसायला नको.

पूर्ण पेपरांची अडचण वेगळी. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स आहेत, पण ती योजना सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज खासगी असेल तर आधी पबमेड सेंट्रल (तिथे पूर्ण पेपर फुकट मिळतात) बघा, मग कॉलेज डेलनेटचं, म्हणजे एकमेकांना पेपर-पुस्तकं पुरवणाऱ्या लायब्रऱ्यांच्या जाळ्याचं, सभासद आहे का ते विचारा, नाहीतर थेट लेखकाला मेल टाका. बरेच लेखक खुशीनं पाठवतात. सरकारी कॉलेजातल्या मित्राचा पासवर्ड मागू नका.

आणि चॅटबॉटनं दिलेली संदर्भांची यादी ग्रंथपालासमोर ठेवणार असाल तर आधी एकेक शीर्षक पबमेडवर टाकून बघा. लेखक खरा, जर्नल खरं, आणि पेपर कधी लिहिलाच गेलेला नाही, असले नमुने त्यात निघतात. ते शोधण्यात आमची दुपार जाते.

शक्य असेल तर फॉर्म टाकून निघून जाऊ नका, दहा मिनिटं समोर बसा. फक्त सिनॉप्सिस नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडे जायच्या आदल्या दिवशी येऊ नका, त्या दिवशी तुमच्या आधी दहा-बाराजण उभे असतात आणि प्रत्येकाच्या फॉर्मवर एकच ओळ असते.