राजीनाम्याचा अर्ज आधी फाडा, कर्जाचं नंतर बघू

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र थोडक्यात देतो.

"मुलगा सोळा वर्षांचा, नुकतीच दहावी झाली, उंची सहा फूट दोन इंच. सोळा वर्षांखालच्या गटात महाराष्ट्राकडून बास्केटबॉल खेळला आहे. रोज पहाटेची लोकल पकडून भायखळ्याला उतरतो आणि तिथून चालत नागपाड्याच्या कोर्टवर जातो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, खेळायचं हे त्याचं चौथीपासूनचं स्वप्न आहे. एका कन्सल्टंटमार्फत फ्लोरिडातल्या निवासी शाळेत अकरावी-बारावीसाठी प्रवेश मिळतोय. खर्च वर्षाला ५० हजार डॉलर, म्हणजे साधारण ४५ लाख. पहिल्या वर्षासाठी गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घेईन, दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती मिळेल असं कन्सल्टंट म्हणतात. पुढे पहिला करार झाला की मुलगाच कर्ज फेडेल. माझं वय ५१, हातात १ लाख १५ हजार येतात, गृहकर्जाचा हप्ता २४ हजार. पत्नी ४९ वर्षांची, १९९९ पासून अनुदानित शाळेत शिक्षिका. मूळ वेतन ६८ हजार, हातात ९५ हजार. मुलाच्या खाण्यापिण्याकडे बघायला ती नोकरी सोडून सोबत जाणार आहे, राजीनाम्याचा अर्ज लिहून तयार आहे. मुलाच्या नावाने एक चाइल्ड प्लॅन आहे, वर्षाला १ लाख २० हजार, अकरा हप्ते भरलेत. विमा एवढाच, बाकी कंपनीचा ग्रुप विमा. शुक्रवारपर्यंत कन्सल्टंटकडे नोंदणीचे साडेतीन लाख भरायचे आहेत, ते परत मिळत नाहीत. टॉप-अप घ्यावं की पर्सनल लोन?"

पर्सनल लोन तर नाहीच, आणि टॉप-अपही नको. का ते पुढे सांगतो. तुम्ही ४५ लाखांबद्दल विचारलंत, पण पत्रातल्या एका ओळीत तुम्ही दोन कोटी सोडून देताय आणि त्याबद्दल काहीच विचारलेलं नाही. ती ओळ राजीनाम्याची.

वहिनी १९९९ पासून अनुदानित शाळेत आहेत, म्हणजे त्यांना जुनी पेन्शन लागू आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या शिक्षकांना ती मिळावी म्हणून आझाद मैदानावर किती आंदोलनं झाली हे त्यांच्या स्टाफरूममधल्या तरुण सहकाऱ्यांना विचारा. महाराष्ट्राच्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनामा दिला की आधीची सगळी सेवा जप्त होते. अडीच दशकांहून जास्त नोकरी झाली असली तरी पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, पुढे कुटुंबनिवृत्तिवेतनही नाही. भविष्य निर्वाह निधीत स्वतःचे साठलेले पैसे तेवढे हाती येतील.

हिशोब करू. मूळ वेतनाच्या निम्मे ३४ हजार, वर महागाई भत्ता. आजच्या भावाने महिन्याला ५० हजारांच्या आसपास. एवढी पेन्शन विमा कंपनीकडून ॲन्युइटी (एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम) म्हणून विकत घ्यायची तर एक कोटीच्या घरात रक्कम मोजावी लागेल, आणि ती ॲन्युइटी महागाईबरोबर वाढणार नाही. वहिनींची पेन्शन वाढत जाईल. शिवाय ५८ पर्यंतची नऊ वर्षं, महिन्याला ९५ हजार, पगारवाढ न धरता हे आणखी एक कोटी. झाले दोन कोटी. एका कागदावरच्या सहीने.

आणि ही सही कशासाठी? मुलगा ज्या शाळेत जाणार ती निवासी आहे. राहणं, जेवण त्या ४५ लाखांत आलं. त्यातून अमेरिकेचा एफ-१ व्हिसा असलेल्या विद्यार्थ्याच्या नवरा-बायकोला आणि मुलांना एफ-२ व्हिसा मिळतो, आईवडिलांना मिळत नाही. वहिनी पर्यटक म्हणून जातील, एका खेपेला फार तर सहा महिने, आणि होस्टेलच्या बाहेर वेगळं भाडं भरून राहतील. तो खर्च तुमच्या हिशोबात कुठेच नाही. हे त्या कन्सल्टंटला माहीत नसेल असं मला वाटत नाही. माहीत असूनही एका आईला नोकरी सोडण्याची तयारी करू दिली, याचा मला संताप येतो.

उद्या वहिनींना खरंच शाळा सोडावीशी वाटली तरी राजीनामा द्यायचा नाही. वीस वर्षांच्या सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, त्यात पेन्शन शाबूत राहते. शब्द फक्त एक बदलतो, पैसा पूर्ण बदलतो. मुख्याध्यापकांकडून सेवापुस्तक मागून घ्या, नोंदी पूर्ण आहेत का बघा, आणि काही शंका असेल तर शिक्षण निरीक्षक कार्यालयात लेखी विचारा. अर्ज मात्र आज फाडा. घरात पडून राहिलेला असा कागद रागाच्या भरात कधी शाळेत पोचतो ते कळत नाही.

आता टॉप-अप. बँक तुमच्या साठीपर्यंतच मुदत देईल, म्हणजे नऊ वर्षं. ९ टक्क्यांनी ४५ लाखांचा हप्ता ६१ हजार. जुना धरून ८५ हजार. वहिनींचा पगार बंद झाला तर तुमच्या १ लाख १५ हजारांतून उरतात ३०, त्यातले १० चाइल्ड प्लॅनचे. वीस हजारांत मुलुंडचं घर, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं. आणि हे फक्त पहिल्या वर्षाचं. शैक्षणिक कर्जाचा आधार घ्यावा तर बँका ते साधारणपणे बारावीनंतरच्या शिक्षणाला देतात. त्या कर्जाच्या व्याजावरची करसवलतही बारावीनंतरच्याच शिक्षणाला आहे.

"पहिला करार झाला की फेडेल" हे वाक्य मी तीनदा वाचलं. मीही माटुंग्याला कॉलेजच्या संघातून खेळलोय, त्यामुळे तुमच्या मुलाची पहाटेची लोकल मला दिसते. म्हणूनच वाट नीट सांगतो. अमेरिकेत शाळेत बास्केटबॉल खेळणारी मुलं पाच लाखांच्या वर आहेत. त्यातली शंभरात तीन-चार एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) कॉलेज संघांत पोचतात, आणि तिथून शंभरात साधारण एक एनबीएत. एनबीएत ३० संघ, प्रत्येकात १५ खेळाडू, जगभरातून निवड होते ती दरवर्षी सुमारे ६० जणांची, या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. कोबी ब्रायंट १९९६ मध्ये आणि लेब्रॉन जेम्स २००३ मध्ये शाळेतून थेट एनबीएत गेले, पण ती वाट कधीच बंद झाली. आता ड्राफ्टच्या वर्षात वय १९ लागतं आणि अमेरिकेतल्या मुलाची शाळा संपून एक वर्ष झालेलं असावं लागतं.

आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंगचं. पंजाबातल्या बल्लो के गावचा, उंची सात फूट दोन इंच. २०१० मध्ये तो फ्लोरिडाच्या अकादमीत गेला तो शिष्यवृत्तीवर, वडिलांनी जमीन विकून नव्हे. २०१५ मध्ये डॅलसच्या एनबीए संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, ड्राफ्ट झालेला तो पहिला भारतात जन्मलेला खेळाडू. तरीही एनबीएच्या नियमित हंगामात त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये साधा करार एका हंगामाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरचा असतो. तुमच्या शाळेची एका वर्षाची फी त्याहून जास्त आहे.

या धंद्यात ज्याच्यावर नजर पडली आहे त्याला या शाळा स्वतः खर्च करून नेतात. पूर्ण फी मागतात याचा अर्थ तुमचा मुलगा आत्ता त्यांच्या यादीत विद्यार्थी म्हणून आहे, खेळाडू म्हणून नाही. तो चांगला खेळत नाही असं मी म्हणत नाही. त्याची परीक्षा अजून झालेली नाही, एवढंच.

ती इथे होऊ दे. अकरावी-बारावी मुंबईतच, अठरा वर्षांखालच्या राज्य संघासाठी प्रयत्न, राष्ट्रीय स्पर्धा. वर्षाला तीन लाख त्याच्यावर मोकळ्या मनाने खर्च करा: चांगला प्रशिक्षक, फिजिओ, जिम, बूट, सामन्यांचं चित्रीकरण. हे तुमच्या दोन पगारांत बसतं, कर्ज लागत नाही. बारावीला तो व्हिडिओ आणि गुणपत्रिका घेऊन अमेरिकेतल्या कॉलेज प्रशिक्षकांना थेट लिहा. डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वात वरच्या गटाच्या, पात्रतेसाठी शाळेतले १६ मुख्य विषय बघतात, तेव्हा अभ्यास सुटता कामा नये. नागपाड्याने गुलाम अब्बास मुंतसिरांसारखा भारताचा कर्णधार दिलाय, १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांचा. त्या परिसरात खेळणं म्हणजे मागे पडणं नव्हे. रेल्वेची क्रीडा भरती आहे, राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. आमच्या संघात सेंटरच्या जागी खेळणारा मित्र खेळाच्या जोरावर रेल्वेत लागला, घर घेतलं, मुली शिकवल्या, आणि अजून रविवारी पोरांना रिबाउंड शिकवतो.

चाइल्ड प्लॅनबद्दल. १५ वर्षं १ लाख २० हजार भरून शेवटी २७ लाखांच्या आसपास मिळतील, म्हणजे ५ टक्के. पीपीएफमध्ये ३२ च्या वर गेले असते. त्यात विमा काढलाय तो मुलाच्या जिवावर, ज्याच्या कमाईवर घर चालत नाही. विकणाऱ्याला कमिशन मिळालं, तुमच्या घराला संरक्षण मिळालं नाही. पण आता चारच हप्ते उरलेत, मोडू नका, पूर्ण करा. विमा हवा तो तुमच्यावर. साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म प्लॅन (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) वर्षाला चाळीस-पन्नास हजारांत यावा, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मधुमेह, रक्तदाब काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर जातो, आणि ५१ व्या वर्षी नोकरीचा भरवसा कुणी देत नाही.

शुक्रवारी साडेतीन लाख भरू नका. त्याऐवजी कन्सल्टंटला एक ईमेल करा: शाळेच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने मुलाचा कोणता सामना पाहिला, आणि पहिल्याच वर्षी फीमध्ये किती टक्के सूट देताय, हे शाळेच्या अधिकृत पत्त्यावरून, प्रशिक्षकाच्या नावानिशी कळवा. निम्म्याहून जास्त सूट देणारं उत्तर आलं तर मला पाठवा, आपण पुन्हा बसून नव्याने आकडे मांडू.