गाजर गवताच्या आच्छादनाखाली मेथी का उगवत नाही?

तुम्ही विचारलंय, की गाजर गवत उपटून वाफ्यावर पसरलं आणि त्याखालची मेथी जेमतेम उगवली, तर हे गवत खरंच विष सोडतं का? सोडतं. मात्र सगळा दोष त्या विषाचाच असेल असं नाही.

गाजर गवताच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यात पार्थेनिन नावाचं कडू द्रव्य साठलेलं असतं. पाऊस पडला, पाणी दिलं किंवा पाला कुजू लागला की ते मातीत उतरतं. सोबत फेरुलिक, कॅफिक, व्हॅनिलिक अशी आम्लंही येतात. बी पाणी पिऊन फुगतं, पण मोड उशिरा येतो, कधी येतच नाही. आलाच तर सगळ्यात जास्त मार कोवळ्या मुळाला बसतो. ते आखूड राहतं आणि रोपाला पाणी ओढता येत नाही. म्हणून नुसती उगवण मोजू नका, मुळं उपसून बघा.

घरी पडताळता येतं. पाला चिरून रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा आणि टिपकागदावर मेथी त्या पाण्यात रुजत घाला. शेजारी साध्या पाण्यातली मेथी हवीच, पण तिसरी बशीही ठेवा: दुसऱ्या एखाद्या निरुपद्रवी गवताच्या तशाच पाण्याची. ही बशी बहुतेक जण विसरतात. कुठल्याही दाट काढ्यात बियांना पाणी शोषणं जड जातं, मग उगाच विषाचा निष्कर्ष निघतो. शिवाय बशीतला काढा शेतापेक्षा खूप तीव्र असतो. जिवंत मातीतले जीवाणू पार्थेनिन हळूहळू मोडून टाकतात.

पुण्यात 1955 च्या सुमारास नजरेत आलेलं हे अमेरिका खंडातलं तण आज माळच्या माळ व्यापतं, त्यात या रसायनांचा वाटा आहे. पण एकेक झाड हजारो बिया टाकतं, झपाट्याने वाढतं आणि ऊन अडवतं, हेही तितकंच खरं.

तुमच्या वाफ्यावरचा पाला आजच काढा, दोनतीनदा भरपूर पाणी द्या आणि थोडं थांबून मेथी पुन्हा टाका. पुढच्या वेळी गवत फुलायच्या आत उपटा. हातमोजे घाला, कारण त्वचेला याची ॲलर्जी झाली की वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. उपटलेलं खड्ड्यात शेणकाल्याबरोबर पुरतं कुजू द्या. काळंभोर, भुसभुशीत झालेलं ते खत मी स्वतः मेथीला घालतो, आणि ती छान उगवते.