ओव्हरक्लॉकिंग : वेगाआधी व्होल्टेज बघा

माझा प्रोसेसर ओव्हरक्लॉक होईल का, कसं ओळखायचं?

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी नावाच्या शेवटची अक्षरं बघा. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावात ‘के’ असेल तर मल्टिप्लायर (बेस क्लॉक म्हणजे मूळ ठोक्याला ज्याने गुणून वेग ठरतो, तो आकडा) खुला असतो, मात्र मदरबोर्डही झेड मालिकेतला लागतो. एएमडीचे बहुतेक रायझन खुलेच असतात. बोर्ड बी किंवा एक्स मालिकेतला घ्या. रायझन ५८००एक्सथ्रीडीला मात्र कुलूप आहे. लॅपटॉपचा नाद सोडा.

मल्टिप्लायर ४५ वरून थेट ५० केला. विंडोज सुरू होतं, पण व्हिडिओ रेंडरला लावला की ब्लू स्क्रीन येतो. व्होल्टेज वाढवत जाऊ का?

थांबा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणजे तुम्ही ४.५ वरून ५ गीगाहर्ट्झवर उडी मारलीत. आता हिशोब करा. प्रोसेसर खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा १.२ व्होल्टचे १.३५ केले. वेग वाढला ११ टक्के, वीज आणि उष्णता मात्र ४० टक्क्यांच्या आसपास! कूलर धापा टाकणारच.

मल्टिप्लायर ४६ वर आणा, अर्धा तास पूर्ण लोड द्या, टिकलं तर ४७. अडखळलं की व्होल्टेज ०.०१ ने वाढवून बघा. दोन-तीन वेळा वाढवूनही जमलं नाही तर तुमच्या चिपची मर्यादा आली, मुकाट्याने एक पायरी उतरा. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे टाकू नका. एकाच मॉडेलच्या दोन चिपही सारख्या निघत नाहीत. आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवू नका, बरेच बोर्ड गरजेपेक्षा सढळ हाताने देतात. या वाढीव व्होल्टेजने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

सिनेबेंच ही वेग मोजणारी चाचणी पूर्ण झाली. आता सिस्टिम स्थिर समजायची?

नाही. प्राइम९५ किंवा ओसीसीटी असा प्रोसेसरवर ताण देणारा प्रोग्रॅम काही तास चालवा, मग एक-दोन दिवस नेहमीचं काम करा. काही सिस्टिम लोडखाली ठणठणीत असतात आणि नुसत्या बसल्या की कोसळतात. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया’च्या (WHEA, हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी दिसल्या तर प्रोसेसर चुका करतोय, फक्त अजून पडलेला नाही. अशा वेळी फाइलीही गुपचूप खराब होऊ शकतात, म्हणून बॅकअप आधी. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) तोवर बंद ठेवा, नाहीतर दोष नेमका कुणाचा हे कळणार नाही.

सेटिंग सेव्ह केल्यापासून स्क्रीन काळाच. प्रोसेसर जळला का?

बहुधा नाही. डीडीआर५ रॅम असेल तर काही मिनिटं नुसती वाट बघा. तरीही काही नाही, तर विजेची केबल काढून मदरबोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर (सेटिंग मूळपदावर आणणाऱ्या पिना) वापरा.

पूर्वी म्हणे दीडपट वेग मिळायचा. आता का नाही?

मिळायचा खरा! १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए, बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५० व्हायचा. आता बूस्टमुळे, म्हणजे गरजेनुसार आपोआप वाढणाऱ्या वेगामुळे, कंपन्याच चिपला कडेपर्यंत नेऊन ठेवतात. सगळे कोअर एकाच वेगाला बांधले तर एका कोअरचा बूस्ट उलट घटतोही. म्हणून रायझनवर मी आधी पीबीओ (बूस्टच्या मर्यादा सैल करणारी एएमडीची सोय) आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझरच सुचवेन. ऑप्टिमायझरमध्ये व्होल्टेज कमी करायचं असतं. चिप थंड राहते आणि वेग ती स्वतःच वाढवते.