फ्लॅटहेड लागत नाही ते नंतर बघू, आधी हार्बर ब्रिजच्या कुठल्या बाजूला उभे आहात ते सांगा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पॅरामाटा नदीवरच्या जेट्टीवरून सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबरी खोटं आमिष) टाकताय, अख्खा उन्हाळा गेला तरी एक फ्लॅटहेड (तो चपट्या डोक्याचा, तळाशी राहणारा मासा) नाही, आणि लागला की रवा लावून पोरांना तळून घालणार असं लिहिलंय तुम्ही. सिडनीत आल्यावर माझंही सेम हेच चाललेलं, नदी पण हीच. रॉड, रील, गाठी, फिशिंगची फी हे सगळं सोडून देतो, ते तुम्हाला माहीत असणारच.

तळायचं आधी. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेला कुठलाही मासा, कोळंबी, खेकडा खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे आणि तुमची नदी पूर्ण त्याच बाजूला येते. कारण डायॉक्सिन, म्हणजे कारखान्यांतून आलेलं विषारी रसायन. रोड्स आणि होमबुश बेच्या काठावर पूर्वी केमिकलचे कारखाने होते, त्यांची घाण गाळात जाऊन बसली. गाळातले किडे कोळंबीच्या पोटात, कोळंबी माशाच्या पोटात, आणि ते सगळं माशाच्या चरबीत साठत जातं. धुवून, तळून, आगळात मुरवून काही फरक पडत नाही. ह्याच कारणाने २००६ मध्ये हार्बरमधली व्यावसायिक मासेमारी बंद केली. ब्रिजच्या पूर्वेला खाल्लं तरी साधारण महिन्याला १५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणतात, जातीप्रमाणे वेगळा तक्ता आहे तो बघा. पकडून सोडायला काही हरकत नाही, खायचं नाही एवढंच. मी डॉक्टर नाही, पण पोरांना घालणार म्हणालात म्हणून एवढं जोर देऊन लिहितोय.

आणि हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही ह्याचा राग अजून गेलेला नाही. मी विचारलं होतं हो. एका ऑफिसात स्वतः जाऊन, नदीचं नाव घेऊन विचारलं की इथला मासा घरी नेऊन खाल्ला तर चालेल का. काउंटरवरच्या माणसाने साइजचा तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाला साइज आणि लिमिट पाळा, झालं. मी म्हटलं साइजचं नाही विचारत, खाण्याचं विचारतोय, तर म्हणे तो आमचा विषय नाही, अमुक ठिकाणी फोन करा. तिथे केला, त्यांनी तिसरीकडे जोडून दिला, आणि तिसऱ्यांनी परत पहिल्यांचाच नंबर दिला. "खाऊ नका" हे दोन शब्द तिघांपैकी एकाच्याही तोंडातून निघाले नाहीत. फ्लॅटहेड लागत नव्हता पण कोळंबीवर ब्रीम जातीचे मासे लागायचे, ते घरी यायचे, आणि बायको तेव्हा गरोदर होती, तिला मासे फार आवडायचे त्या दिवसांत. पुढे दुसऱ्याच एका जेट्टीवर खाऊ नका अशी पाटी दिसली. मिडवाइफने धीर दिला, मुलगी ठणठणीत आहे, पण डिलिव्हरीपर्यंतचे ते महिने आम्ही दोघांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. तक्रार केली तर उत्तर आलं की माहिती वेबसाइटवर उपलब्ध आहे. अरे, माणूस समोर उभा राहून विचारतोय ना! नवीन देशात आलेल्या माणसाला कुठल्या वेबसाइटवर काय शोधायचं हे कसं कळणार? सगळे तसे नसतात हे पण सांगतो, नंतर बॉटनी बेला (सिडनीच्याच दक्षिणेकडची खाडी) एक फिशरीज ऑफिसर भेटले, मासे मोजून झाल्यावर थांबून नीट समजावून सांगत बसले.

तर माझं स्पष्ट मत, खायचा मासा हवा असेल तर बॉटनी बेला जा. २००२ पासून तिथे व्यावसायिक जाळी बंद आहेत, हौशी लोकांसाठीच ठेवलाय तो बे. डॉल्स पॉइंट, सॅन्स सूसी, कर्नेलचा सिल्व्हर बीच, काठावरून आरामात होतं. टॉवरा पॉइंटच्या काही भागात मनाई आहे, नकाशा बघून जा. आणि तिथला सुद्धा खाण्याबद्दलचा चालू सल्ला वाचूनच घरी न्या, माझ्या शब्दावर जाऊ नका.

आता लागत का नाही. तुम्ही लिहिलंय की टाकलं की लगेच गुंडाळायला घेता. फ्लॅटहेड वाळूत अंग पुरून, डोळे तेवढे वर ठेवून, प्रवाहाकडे तोंड करून पडलेला असतो. तुमचा लुअर, म्हणजे ते खोटं आमिष, त्याच्या डोक्यावरून मीटरभर उंचावरून गेला तर बहुतेक वेळा तो हलणार पण नाही. तळ लागलाच पाहिजे. टाकल्यावर दोरी सैल पडेपर्यंत थांबा, मग रॉडच्या टोकाने दोन छोटे झटके, आणि परत खाली पडू द्या, पण पडताना दोरी जेमतेम ताठ ठेवा कारण घास तो पडतानाच घेतो. खूपदा झटका बसतच नाही, नुसता टक् होतो किंवा दोरी जड वाटते, तेवढ्यावर रॉड उचला. तळ कळत नसेल तर जिगहेड (वजन लावलेला गळ) जड करा, हलकं बरं असं सगळे म्हणतात ते मला पटत नाही, ओढ असेल तिथे ७ ते १० ग्रॅम खुशाल लावा.

वेळ ओहोटीची, त्यातही शेवटचे दोन तास. उथळावरचं पाणी उतरायला लागलं की बोईची पिल्लं, कोळंबी, व्हायटिंग (आपल्या मुडदुशीचीच भावकी) सगळे खोल पाण्याकडे सरकतात आणि हा बरोबर उताराच्या कडेला टपलेला असतो. म्हणून कडेला समांतर टाका. सुकतीला एकदा रिकाम्या हाताने नुसते जाऊन बघा, उघड्या पुळणीवर फ्लॅटहेड पडून गेल्याचे ठसे दिसतात, डोक्याकडे रुंद, शेपटीकडे निमुळते, कडा अगदी रेखीव. ताजे ठसे जिथे जास्त, तिथे पुढच्या भरतीनंतर जायचं. पाण्यात उतरलात तर पाय घासत चाला, वाळूत स्टिंगरे असतात.

लीडर (गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा) फ्लुरोकार्बनचाच, १२ ते १५ पौंड, दातांनी घासून बारीक होऊन तुटतो म्हणून दर माशानंतर बोटांनी चाचपून बघा. गालांवर काटे असतात त्यामुळे हाताने धरू नका, नेट ठेवा, तो काटा लागला तर ठणका बराच वेळ राहतो. डस्की (इथली फ्लॅटहेडची मुख्य जात) ३६ सेंटिमीटरच्या आत असेल तर परत, बॅग लिमिट (दिवसाला किती मासे ठेवता येतात ते) बदलत असतं ते फिशरीज खात्याच्या ॲपवर बघून निघा. ७० च्या वरचे जवळजवळ सगळ्या माद्या असतात, पिल्लं त्यांच्याच जिवावर, ७० च्या वरचा डस्की नियमानेच परत सोडावा लागतो, फोटो काढा आणि सोडा. खायला ४०-५० वालाच छान लागतो, चरबी कमी असल्यामुळे तव्यावर जास्त ठेवला की कोरडा होतो, एका बाजूला सोनेरी झाला की उलटा आणि लगेच काढा.

तुमचं जिगहेड किती ग्रॅमचं आहे आणि ब्रेड (विणलेली दोरी) किती पौंडाची लावलीय तेवढं लिहा, पोस्टमध्ये दिसलं नाही. त्यावरून साधारण सांगता येईल तळ लागतोय की नाही.